खुंटीवरचा बिल्ला

माझी भाची एका खासगी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन आहे. यंदा ईदच्या आठवडाभर आधी अम्मीच्या कंबरेचा एक्स-रे काढायचा होता, म्हणून तिच्याकडेच गेलो. तिनं आजीला टेबलावर नीट झोपवलं, मला बाहेर पिटाळलं आणि स्वतः आडोशामागे गेली. काम झाल्यावर मी आत आलो, तेव्हा दाराजवळच्या खुंटीवर तीन प्लॅस्टिकचे बिल्ले लटकलेले दिसले. एकावर तिचं नाव होतं.

"हे काय गं?"

"टीएलडी बॅज. आपल्याला किती किरणं लागली ते यात मोजतात. दर तीन महिन्यांनी लॅबला जातो."

"मग तो तुझ्या छातीवर हवा ना?"

ती हसली. "मामू, पहना तो रीडिंग आती. रीडिंग आई तो साहब को जवाब देना पड़ता."

पहिल्याच दिवशी तिथल्या जुन्या मॅडमनी तिला ही रीत शिकवली होती. गेल्या सहा तिमाह्यांचे कागद तिनं मला दाखवले. सगळे आकडे अगदी तळाचे, नोंदीला येतील न येतील असे. त्या कागदांवर तिचं नाव, वय आणि हुद्दा होता. मोजलं गेलं होतं मात्र खुंटीला.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर कुणी उगाच घाबरेल. आडोशामागे उभं राहून साधे एक्स-रे काढणाऱ्या माणसाला बहुधा फारच थोडी मात्रा लागते. आपल्याकडे अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30 अशी मर्यादा आहे. काम नीट चालत असेल तर तिथवर सहसा कुणी पोचत नाही. त्यामुळे मला त्या दिवशी भाचीच्या तब्येतीची भीती वाटली नाही. डोक्यात वेगळंच आलं. उद्या तीस वर्षांनी कुणी संशोधक या राज्यातल्या एक्स-रे कर्मचाऱ्यांच्या आजारांचा अभ्यास करायला बसला, तर त्याच्या हाती हेच कागद येतील. त्यांवर तो विश्वास ठेवील. आणि त्याच्या निष्कर्षात माझी भाची नसेल, ती खुंटी असेल.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. विज्ञान हा माझा विषय नाही, शब्द हा आहे. उर्दूत किरणोत्सारी पदार्थाला 'ताबकार' म्हणतात. फारसीत 'ताब' म्हणजे ऊन, धग, तेज. गंमत अशी की भाचीच्या बिल्ल्यातल्या चकत्या प्रयोगशाळेत तापवतात, आणि जितकी किरणं त्यात साठली असतील तितका उजेड त्या देतात. त्या उजेडाची मोजणी म्हणजे रीडिंग. मराठीत दुसरा एक शब्द माझ्या ओळखीचा निघाला. या सगळ्यावर देशात देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं नाव अणुऊर्जा नियामक मंडळ. 'नियामक' हा शब्द दहावीचे पेपर तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला पाठ असतो. परीक्षक पेपर तपासतो, नियामक त्याची तपासणी तपासतो आणि त्याच्या वर मुख्य नियामक असतो. शिवाय आपल्या शाळेचे पेपर आपल्याकडे येत नाहीत. आम्ही अप्रामाणिक आहोत असं समजून हा नियम केलेला नाही. आपल्या पोरांच्या पेपरात प्रामाणिक माणसालाही अर्धा मार्क जास्त दिसतो, हे बोर्डाला माहीत आहे.

किरणांच्या बाबतीत हा साधा नियम जगाला किती उशिरा सुचला, ते मी गेले दोन महिने वाचतोय. गोष्ट मुख्यतः अमेरिकेची आहे, कारण त्यांनी केलं सगळ्यात जास्त आणि नंतर कागद उघडेही त्यांनीच केले.

सुरुवात एका कारखान्यापासून होते. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन नावाची कंपनी घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवून घ्यायची. रंगात रेडियम होतं. रंगवणाऱ्या तरुण मुली ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायच्या, कारण त्यांना तसंच शिकवलेलं होतं. 1920 नंतर त्यांचे दात पडू लागले, जबडे सडू लागले. 1924 मध्ये कंपनीनं हार्वर्डच्या सेसिल ड्रिंकर या शरीरशास्त्रज्ञाला पाहणीसाठी बोलावलं. ड्रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखाना पाहिला, मुलींचं रक्त तपासलं, आणि रेडियमच याचं कारण आहे असं लिहून दिलं. कंपनीनं अहवालाचे पैसे दिले होते, त्यामुळे अहवाल आपला, असा तिचा समज. राज्याच्या कामगार खात्याकडे जे पोचलं, त्यात मुलींची प्रकृती उत्तम असल्याचं म्हटलेलं होतं. वर्षभरानं ॲलिस हॅमिल्टन या हार्वर्डच्याच डॉक्टर बाईंच्या ते लक्षात आलं, आणि मग ड्रिंकर यांनी 1925 मध्ये खरा अहवाल स्वतः प्रसिद्ध केला.

पाच मुलींनी खटला भरला. 1928 मध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला 10,000 डॉलर रोख, वर्षाला 600 डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. तोवर त्यांच्यातल्या काहींना कोर्टात शपथेसाठी हातही वर उचलता येत नव्हता.

त्यांच्या हाडांवरून पुढे एक आकडा ठरला. शरीरात किती रेडियम चालेल याची मर्यादा 1941 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं घालून दिली: एक मायक्रोक्युरीचा दहावा भाग. नंतर बॉम्ब बनवताना प्लुटोनियम हाताळणाऱ्या कामगारांसाठी मर्यादा आखायची वेळ आली, तेव्हा पाया हाच होता. म्हणजे जगातला पहिला भरवशाचा आकडा मिळाला तो कंपनीनं लपवलेल्या आजारातून.

इथवर गुन्हेगार कोण ते स्पष्ट आहे: नफेखोर कंपनी. सरकार फक्त झोपलेलं होतं. 1946 नंतर गोष्ट अवघड होते, कारण आता कंपनी आणि सरकार एकच होतं.

त्या वर्षी अमेरिकेनं अणुऊर्जा कायदा केला आणि 1 जानेवारी 1947 पासून बॉम्बचा सगळा कारभार लष्कराकडून एका नागरी आयोगाकडे आला. हे त्या काळात पुढचं पाऊल मानलं गेलं, आणि तसं ते होतंही. पण या आयोगाच्या कामाची यादी पाहा. बॉम्ब बनवायचे. त्यांच्या चाचण्या घ्यायच्या. कारखान्यांतल्या कामगारांच्या सुरक्षेचे नियम करायचे. ते पाळले जातात की नाही ते बघायचं. आणि किरणांचा माणसावर काय परिणाम होतो या संशोधनाला पैसाही द्यायचा. 1954 च्या कायद्यानं यात खासगी अणुवीजकेंद्रांना उत्तेजन देणं आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवणं, अशा दोन कामांची भर पडली. प्रश्न काढणारा, उत्तर लिहिणारा, पेपर तपासणारा आणि निकाल लावणारा, सगळे एकाच खोलीत.

या खोलीत बसलेली माणसं राक्षस नव्हती. रशियाशी शर्यत चालली होती, चाचण्या थांबल्या तर देश बुडेल असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यामुळे चाचण्यांना अडथळा येईल असा कुठलाही पुरावा त्यांना आपोआप कच्चा वाटायचा.

27 जानेवारी 1951 पासून नेवाडाच्या वाळवंटात उघड्यावर स्फोट सुरू झाले. वारा लॉस एंजेलिसकडे नसेल, पूर्वेकडे विरळ वस्तीच्या युटाकडे असेल, असा दिवस निवडायचे. 19 मे 1953 च्या 'हॅरी' नावाच्या स्फोटाची राख सेंट जॉर्ज गावावर आली. लोकांना काही तास घरात बसायला सांगितलं. त्याच वसंतात सीडर सिटीच्या मेंढपाळांची चार हजारांहून जास्त मेंढरं मेली. वाळवंटात चरून आलेली मेंढरं. तोंडावर आणि अंगावर भाजल्यासारखे चट्टे, कोकरं जन्मतःच मेलेली. पाहणीला आलेल्या पशुवैद्यांपैकी काहींना किरणांचा संशय आला होता. आयोगाचं जाहीर मत ठरलं की कारण कुपोषण. मेंढपाळ कोर्टात गेले आणि 1956 मध्ये हरले. 1982 मध्ये, गुप्त कागद बाहेर आल्यावर, त्याच न्यायाधीशांनी म्हटलं की सरकारनं माझ्या कोर्टाची फसवणूक केली होती. छब्बीस वर्षांनी आपलाच निकाल मोडायला न्यायाधीश जिवंत असणं ही दुर्मीळ गोष्ट. पण पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, आणि मेंढपाळांना शेवटपर्यंत काही मिळालं नाही.

दुसरी एक हकिकत मला मेंढरांहून जास्त टोचली. नेवाडापासून हजारो किलोमीटर लांब, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला कोडॅकचा कारखाना होता. जानेवारी 1951 मध्ये तिथं पडलेल्या बर्फात किरणोत्सार सापडला. कोडॅकला याची धास्ती जुनीच होती, कारण 1945 च्या पहिल्या चाचणीनंतर पुठ्ठ्याच्या वेष्टनातून तिची फिल्म खराब झाली होती. कंपनीनं दाव्याची भाषा केली. आयोगानं ऐकलं, आणि फोटो-फिल्मच्या धंद्याला पुढच्या चाचण्यांची, राख कुठे पडेल त्याची आगाऊ कल्पना द्यायची व्यवस्था झाली. त्याच राखेतलं आयोडीन-131 गवतावर पडत होतं, गवतातून गायीच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जात होतं. गवळ्यांना आणि आयांना कुणी कळवलं नाही. दुधाचा हा हिशेब मांडा, असा कायदा संसदेनं 1983 मध्ये केला. राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं अहवाल दिला 1997 मध्ये. ज्या मुलांनी ते दूध प्यायलं, ती तोवर पन्नाशीच्या आसपास आली होती.

आता शाळेची गोष्ट. मास्तर असल्यामुळे मी तिच्यावर अडकलो, तुम्हीही थोडं थांबा.

मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला फर्नाल्ड स्टेट स्कूल नावाची सरकारी निवासी शाळा होती, मतिमंद मुलांसाठी. प्रत्यक्षात त्यातली काही मुलं नुसती गरीब, अनाथ किंवा घरी नकोशी झालेली होती. 1946 ते 1953 या काळात एमआयटीच्या संशोधकांनी इथल्या 74 मुलांवर आहाराचे प्रयोग केले. क्वेकर ओट्स कंपनीला जाणून घ्यायचं होतं की ओट्सच्या लापशीतून लोह आणि कॅल्शियम अंगी किती लागतं. त्यासाठी अन्नात किरणोत्सारी लोह आणि कॅल्शियम मिसळलं. किरणोत्सारी समस्थानिकं त्या काळी अणुऊर्जा आयोगाकडून मिळत, आणि माणसावर वापरायची तर त्याची परवानगी लागे.

मुलांचा एक गट केला आणि त्याला नाव दिलं 'सायन्स क्लब'. क्लबमधल्या मुलाला रोज जादा दूध, बेसबॉलचा सामना, समुद्रकिनाऱ्याची सहल. पालकांना पत्रं गेली. आमच्या हुशार मुलांच्या गटात तुमच्या मुलाची निवड होते आहे, त्याला विशेष आहार मिळेल, अधूनमधून रक्ताचे नमुने घेऊ, अशा अर्थाची. किरणांचा उल्लेख कुठेच नाही.

मी ही पत्रं ज्या दिवशी वाचली, त्या दिवशी माझ्या टेबलावर आमच्याच शाळेच्या सहलीची संमतिपत्रं पडलेली होती. वीस वर्षं अशी पत्रं मी घरोघरी पाठवतोय. सहीच्या जागी अंगठा असतो, कधी मोठ्या भावानंच वडिलांची सही ठोकलेली असते. आतला मजकूर कोण वाचतं? मास्तरांनी पाठवलंय म्हणजे चांगलंच असेल, एवढ्यावर सही होते. फर्नाल्डच्या आईबापांनीही तेवढ्यावरच केली असणार. आणि ज्या पोराला कुणी कधी हुशार म्हटलं नव्हतं, त्याला क्लबमध्ये घेतल्याचा किती आनंद झाला असेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

नंतरच्या चौकशीत निष्पन्न झालं की त्या मुलांना लागलेली मात्रा अगदी कमी होती आणि त्यांच्या तब्येतीवर परिणाम दिसत नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुष्कळ लोक ही गोष्ट सांगताना एवढं वाक्य गाळतात. 1998 मध्ये एमआयटी आणि क्वेकर ओट्सनी मिळून 18 लाख 50 हजार डॉलरची भरपाई दिली. शरीराला इजा झाली म्हणून ती नव्हती. विचारलं नाही म्हणून होती.

इतर ठिकाणी इतकं सौम्य नव्हतं. एप्रिल 1945 ते जुलै 1947 या काळात चार ठिकाणच्या रुग्णालयांत 18 रुग्णांना प्लुटोनियम टोचलं गेलं. पहिला होता ओक रिजला अपघातात हाडं मोडून आलेला एक कृष्णवर्णीय सिमेंट कामगार. 17 एप्रिल 1947 ला आयोगातल्या एका कर्नलच्या सहीचा कागद निघाला. त्याचा आशय असा, की माणसांवरच्या प्रयोगांचा उल्लेख असलेली आणि लोकमत बिघडवतील किंवा खटले उभे करतील अशी कुठलीही कागदपत्रं बाहेर जाऊ देऊ नयेत. शत्रूला कळेल म्हणून गुप्त ठेवा, असं तो म्हणत नाही. आपल्याच लोकांना कळेल म्हणून ठेवा, म्हणतो.

लपवणं हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार जास्त सभ्य असतो: संशोधन चालू द्यायचं, पैसाही द्यायचा, आणि नको तो आकडा दिसू लागला की संशोधक बदलायचा. थॉमस मँकुसो यांची हकिकत तशी आहे.

मँकुसो हे पिट्सबर्ग विद्यापीठातले औद्योगिक आरोग्याचे तज्ज्ञ. कामगार नोकरी सोडून कुठे गेला, कधी आणि कशानं मेला, हे सामाजिक सुरक्षा खात्याच्या नोंदींवरून शोधून काढायची पद्धत त्यांनी बसवली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून पोरगा पुढे आयुष्यभर कुठे कुठे गेला ते काढण्यासारखं. 1964 मध्ये आयोगानं त्यांना कंत्राट दिलं. हॅनफर्डसारख्या अणुकारखान्यांतल्या कामगारांच्या छातीवरच्या बिल्ल्यांच्या नोंदी घ्यायच्या, त्यांच्या मृत्यूच्या नोंदींशी जुळवायच्या. हॅनफर्ड म्हणजे नागासाकीवरच्या बॉम्बचं प्लुटोनियम जिथं तयार झालं ते ठिकाण. कर्करोग उगवायला वीस-तीस वर्षं लागतात, म्हणून मँकुसो सांगत राहिले की घाई करू नका. दहा वर्षं कुणाची तक्रार नव्हती.

1974 मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य खात्यातल्या सॅम्युएल मिल्हॅम या डॉक्टरला मृत्यूच्या दाखल्यांवरून दिसलं की हॅनफर्डच्या कामगारांत कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे. आयोगाला वाटलं, मँकुसोंनी ते जाहीरपणे खोडून काढावं. मँकुसोंनी नकार दिला. माझं काम अपुरं आहे, त्यावरून मी कुणाला खोटं पाडणार नाही, अशी त्यांची भूमिका. त्यानंतर त्यांचं कंत्राट संपवायचं ठरलं आणि 1977 मध्ये ते संपलंही. कारण म्हणून त्यांची निवृत्ती जवळ आल्याचं पुढे केलं गेलं. काम गेलं ते अणुखात्याच्याच पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांकडे.

जाण्यापूर्वी मँकुसोंनी एक गोष्ट केली. इंग्लंडहून ॲलिस स्ट्युअर्ट यांना आकडे बघायला बोलावलं. त्या तेव्हा सत्तरीच्या होत्या. या बाईंची ओळख एका जुन्या कामावरून होती. 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये लहान मुलांतला रक्ताचा कर्करोग वाढत होता, आणि डॉक्टर मंडळींना कारण सापडत नव्हतं. स्ट्युअर्टबाईंनी ठरवलं की आयांना विचारू. हजार पौंडांच्या मदतीवर प्रश्नावली छापली आणि गावोगावच्या आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत, ज्यांची मुलं दगावली त्या आयांकडे आणि ज्यांची धडधाकट होती त्या आयांकडेही पाठवली. उत्तरांतून दिसलं की गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या आया पहिल्या गटात जवळपास दुप्पट आहेत. 1956 आणि 1958 मध्ये हे छापून आलं. दुःखी आयांची आठवण भरवशाची नसते, असं म्हणून पुष्कळांनी ते झटकलं. गरोदर बाईचा एक्स-रे टाळायची रीत रुळायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. आज भाचीच्या दवाखान्याच्या दारावर 'आपण गरोदर असाल तर आधी सांगा' अशी पाटी आहे. तिच्यामागे त्या आयांची उत्तरं आहेत, हे मला आत्ताआत्तापर्यंत ठाऊक नव्हतं.

मँकुसो, स्ट्युअर्ट आणि त्यांचे संख्याशास्त्रज्ञ सहकारी जॉर्ज नील यांचा लेख 1977 मध्ये आला. मर्यादेच्या आत राहिलेल्या कामगारांतही काही कर्करोग वाढलेले दिसतात, असं त्यांचं म्हणणं. त्यावर कडाडून टीका झाली, आणि तिच्यातला काही भाग रास्त होता. आकडे थोडे होते, पद्धतीवर शंका होत्या. स्ट्युअर्टबाईंनी धोका जितका मोठा सांगितला तितका नंतरच्या अभ्यासांत निघाला नाही. पण शंका होत्या तर जास्त लोकांना आकडे द्यायला हवे होते. झालं उलटं. नोंदींना कुलूप लागलं, आणि 1978 मध्ये संसदेच्या समितीपुढे या कंत्राटाची सुनावणी झाली तरी कुलूप राहिलंच.

मधल्या काळात आयोग मात्र गेला होता. 1974 च्या कायद्यानं त्याचे दोन तुकडे झाले: वीजकेंद्रांवर नियंत्रण ठेवणारा वेगळा आयोग जानेवारी 1975 मध्ये सुरू झाला, आणि उत्तेजन, संशोधन, बॉम्ब हे सगळं दुसरीकडे गेलं, जे 1977 पासून ऊर्जा खातं झालं. वाटणी झाली, पण नीट बघा काय कुणाकडे राहिलं. कामगारांच्या आरोग्याचं संशोधन बॉम्ब बनवणाऱ्यांच्याच वाट्याला आलं. ते आरोग्य खात्याकडे द्यायला 1990 साल उजाडलं. त्यानंतर नोंदी बाहेरच्या अभ्यासकांना पाहता येऊ लागल्या.

1993 मध्ये एलीन वेल्सम या वार्ताहर बाईंनी प्लुटोनियम टोचलेल्या रुग्णांची नावं शोधून अल्बुकर्कच्या एका छोट्या दैनिकात छापली. डिसेंबरमध्ये ऊर्जामंत्री हेझल ओलिअरी यांनी दप्तरं उघडायची घोषणा केली. क्लिंटन यांनी नेमलेल्या समितीनं ऑक्टोबर 1995 मध्ये अहवाल दिला आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. मी वर लिहिलेल्या पुष्कळ गोष्टी आपल्याला माहीत आहेत त्या या अहवालामुळे. सरकारनं स्वतःच्या विरुद्ध इतका तपशील स्वतः छापावा, हे मला आजही आश्चर्याचं वाटतं.

आणि त्या बिल्ल्यांच्या नोंदींचं काय झालं? ऑगस्ट 2023 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्समधले 3,09,932 अणुकामगार, त्यांत हॅनफर्डचेही. निष्कर्ष असा, की मात्रेच्या प्रमाणात गाठीच्या कर्करोगानं मरण्याचा धोका वाढतो, दर ग्रे मात्रेमागे 52 टक्के. एक ग्रे ही मात्रा प्रचंड आहे, बहुतेक कामगारांना तिचा अगदी लहान अंश लागलेला. तरी अगदी कमी मात्रेतही वाढ शून्य दिसत नाही. मँकुसोंनी जे मोजायला घेतलं होतं, त्याचं उत्तर असं पन्नासहून जास्त वर्षांनी आलं. ते आलं, कारण हजारो माणसांनी रोज बिल्ला छातीवर लावला होता आणि कुणीतरी तो आकडा वहीत नीट उतरवला होता.

आता आपल्याकडे. आपलं नियामक मंडळ 15 नोव्हेंबर 1983 ला स्थापन झालं. कचेरी मुंबईला अणुशक्तीनगरात, नियामक भवन. मात्र ते स्वतंत्र कायद्यानं आलं नाही, सरकारी आदेशानं आलं, आणि त्यानं अहवाल द्यायचा असं तेव्हा ठरलं ते अणुऊर्जा आयोगाला, ज्याचा अध्यक्ष हा अणुऊर्जा खात्याचाच सचिव असतो. म्हणजे नियामकानं मुख्याध्यापकाला अहवाल द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. 2012 मध्ये कॅगनं यावर बोट ठेवलं. त्याच अहवालात एक आकडा आहे, तो भाचीला वाचून दाखवला तेव्हा ती गप्प झाली: देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी 52,173, म्हणजे सुमारे 91 टक्के, मंडळाच्या नोंदणीबाहेर होती. राज्याराज्यांत किरण-सुरक्षेची संचालनालयं काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये सांगितलं होतं. कॅगनं पाहिलं तेव्हा ती फक्त केरळ आणि मिझोरममध्ये होती. महाराष्ट्रात नव्हतं, जिथं नियामक मंडळाची स्वतःची कचेरी आहे.

नियामकाला कायद्याचा आधार देणारं विधेयक 2011 मध्ये लोकसभेत आलं आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबर संपलं. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं पथक पाहणीला आलं. मंडळातली माणसं अनुभवी आणि जाणकार असल्याचं सांगून त्यांनीही सुचवलं की याचं स्वातंत्र्य कायद्यात लिहा. माणसं चांगली आहेत हे सगळेच मान्य करतात. बोर्डानं आमचे पेपर दुसऱ्या शाळेत पाठवायचं ठरवलं, तेव्हा आम्हीही चांगलेच होतो.

उघड्यावर केलेला अभ्यास नेहमी घाबरवणारंच सांगतो असं मात्र नाही. केरळच्या करुनागप्पळ्ळी किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, तिथल्या काही वस्त्यांत किरणांची नैसर्गिक पातळी जगात सर्वांत वरच्यांपैकी. तिरुअनंतपुरमच्या कर्करोग केंद्रानं तिथं घरोघरी जाऊन माणसं मोजली, घरात-दारात किरणं मोजली, पुढे वर्षानुवर्षं कर्करोगाची नोंद ठेवली. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आला: जास्त किरणांमुळे कर्करोग वाढल्याचं दिसत नाही. अणुकामगारांचा अभ्यास वेगळं सांगतो, हा वेगळं सांगतो. दोन्हींत माणूस आणि मात्रा समोरासमोर मांडलेले आहेत, त्यामुळे वाद घालता येतो. खुंटीशी वाद घालता येत नाही.

भाचीला मी यातलं थोडंथोडं सांगत गेलो. मेंढरांचं ऐकून ती हळहळली, सायन्स क्लबचं ऐकून तिनं विचारलं, "मामू, तुम्ही तुमच्या पत्रांत सगळं लिहिता का?" मी म्हटलं, सहलीला किती पैसे ते लिहितो. बस जुनी आहे ते लिहीत नाही.

1 एप्रिलपासून ती बिल्ला छातीवर लावते. जुन्या मॅडम एकदा तिच्याकडे बघून हसल्या, साहेबांचं अजून लक्ष गेलेलं नाही. तिमाही जूनअखेर संपेल, बिल्ला लॅबला जाईल, चकत्या तापतील. तिच्या नावावर पहिल्यांदाच तिचा आकडा येईल.